पीएनजी, जेपीजी आणि अप्पांचं एक ‘छान’

सकाळी अप्पांच्या चहाच्या वेळेला त्यांचा फोन टिंग वाजला, की माझ्या कपाळाला आठी पडायची. फोन न बघताच मला कळायचं, तिचं डिझाइन आलं. अप्पा कपबशी बाजूला सारून चष्मा शोधायचे, फोन हातभर लांब धरायचे, दोन बोटांनी चित्र मोठं करायचे, आणि मग त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की चहावर साय धरली तरी त्यांना पत्ता नसायचा. मग माइकचं बटण दाबून ते तिला तेलुगूत काहीबाही सांगायचे. शेवटी हमखास दोन शब्द यायचे, ‘चाला बागुंदी’. म्हणजे फार छान. मला तेलुगू येत नाही, पण हे दोन शब्द मी त्या वर्षभरात इतक्या वेळा ऐकले की झोपेतही ओळखले असते. माझ्या वाट्याला ते कधी आले नव्हते, तेलुगूतही नाही आणि मराठीतही नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी हयात चादरींची डिझाइनं काढण्यात गेली. सोलापुरात असं काम करणाऱ्याला मास्तर म्हणतात, मग त्यानं आयुष्यात शाळेचा एक तास घेतला नसला तरी. ग्राफच्या कागदावर बारीक चौकटी असतात, त्या एकेक करून रंगवायच्या. एक चौकट म्हणजे एक धागा. तो वर दिसणार की खाली दडणार, एवढंच त्या चौकटीनं सांगायचं. त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे मागावरच्या जेकार्ड यंत्रावर चढवायचे, आणि मागावरून मोर उतरायला लागायचा. अप्पांच्या हातचे मोर अजून कुणाकुणाच्या अंथरुणावर असतील. कारखान्यात त्यांच्या आजूबाजूला सगळे तेलुगू बोलणारे विणकर होते. ती भाषा त्यांच्या तोंडात अशी बसली की रागावले की मराठी आणि खुशीत आले की तेलुगू, अशी त्यांनी वाटणीच करून टाकली. घरात आमच्या वाट्याला बहुतेक मराठीच यायची.

मीही डिझाइनंच काढते. कागदावर नाही, कॉम्प्युटरवर. आई गेल्यावर अप्पा आमच्याकडे शुक्रवार पेठेत राहायला आले तेव्हा मला वाटलं, चला, आता बरं होईल. मी काम करीन, अप्पांना दाखवीन, ते बघतील, आणि एक दिवस म्हणतील, छान झालंय. एवढंच हवं होतं मला. व्यापारी माझी कामं घेत होते, माझी डिझाइनं टॉवेलांवर, चादरींवर उतरत होती, पण त्या सगळ्यांचं ‘छान’ मला पुरत नव्हतं. ज्याला खरोखर कळतं त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. भावाला अप्पांनी शेजारी बसवून ग्राफ शिकवला; तो पुण्याला जाऊन भलतंच काहीतरी करतो. मला कुणी बसवलं नव्हतं. मी दारात उभी राहून बघत बघत शिकले.

माझा कॉम्प्युटर गच्चीवरच्या खोलीत आहे. अप्पांचे गुडघे गेलेले, त्यामुळे जिना त्यांना वर्ज्य. भावानं त्यांना मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला होता. तेव्हा आमचं असं चालायचं की मी वर डिझाइन संपवायचे, तिथूनच त्यांच्या फोनवर पाठवायचे, आणि खालून उत्तर यायचं. एका छपराखाली राहून बापलेक मेसेजवर बोलतात याचं माझ्या नवऱ्याला भारी हसू यायचं. मला मात्र ते उत्तर येईपर्यंत दुसरं काही सुचायचं नाही.

उत्तर यायचं ते असं. ‘पुसट हाय.’ नाहीतर, ‘काठ कुटं गेला?’ एकदा तर, ‘धुरात बसून काढलंय व्हय?’ मी स्क्रीनकडे बघायचे. काठ जागच्या जागी असायचा, धूर कुठंच नसायचा. मग मी मनाशी म्हणायचे, दुसरं काय म्हणणार, डोळेच तिकडं लागलेत.

तिकडं म्हणजे तिच्याकडं. ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली, तिशीच्या आतली पोरगी. तिचे आजोबा अप्पांच्याच कारखान्यात मागावर होते. ती वॉल हँगिंगची डिझाइनं काढते, तीही कॉम्प्युटरवरच, पण तिला हातानं ग्राफ भरायला शिकायचं होतं. का, ते देव जाणे. आता कुणी हातानं भरत नाही. एका लग्नात तिनं अप्पांना गाठलं, वाकून नमस्कार केला आणि विचारलं, मास्तर, शिकवाल का मला. अप्पांनी घरी आल्याआल्या ट्रंक उघडून जुने ब्रश बाहेर काढले आणि ते उन्हात ठेवायला मलाच सांगितले.

दर रविवारी ती यायची. दोघं खालच्या खोलीत कागद पसरून बसायचे आणि तेलुगूत बोलायचे. मधूनच अप्पा खदखदून हसायचे. मी चहा घेऊन आत गेले की ती लगेच मराठीवर यायची, अगदी अदबीनं, आणि नेमकं तेच मला लागायचं. माझ्यासाठी भाषा बदलावी लागते म्हणजे तिथं पाहुणी मी. माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर, माझ्याच बापाशेजारी. तिला ते ‘अम्मा’ म्हणायचे. तेलुगूत लेकीबाळींना लाडानं तसं म्हणतात. मला ते ‘ए’ म्हणतात.

संक्रांतीला तिनं डबाभर सकिनालू आणले. तांदळाच्या पिठाची, तीळ आणि ओवा घातलेली तळलेली वेटोळी असतात ती, चांगली खणखणीत. मी केलेल्या कडक भाकरीला ‘मला दात हायत व्हय?’ म्हणणाऱ्या अप्पांनी त्याच कवळीनं दोन दिवसांत डबा रिकामा केला. वर, डबा मोकळा परत देऊ नये म्हणून त्यात घालायला मलाच तिळाच्या वड्या करायला लावल्या. केल्या मी. चांगल्या झाल्या, हे तिनं सांगितलं.

बरं, पोरगी वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती मला अक्का म्हणायची. एकदा म्हणाली, अक्का, तुमच्या कोयऱ्यांचं वळण मला जमत नाही, कसं काढता? मी हसून काहीतरी बोलले आणि पुढचे दोन दिवस हिनं हे मनापासून म्हटलं की टोमणा मारला, यावर घालवले. मनापासूनच म्हटलं होतं. ते कळल्यावर आणखीच झोंबलं. नवऱ्यापाशी मन मोकळं केलं तर तो म्हणाला, मग तूही तेलुगू शीक की. त्या दिवशी त्याच्या आमटीत मीठ जरा जास्त पडलं.

मग मी कणीस काढायला घेतलं. चादरीच्या चारी कोपऱ्यांत ज्वारीचं भरलेलं कणीस आणि काठाला ज्वारीचीच लांब पानं. मोर, कमळ, कोयरी हे सगळं अप्पांच्या पिढीनं करून ठेवलेलं होतं. ज्वारीचं कणीस चादरीवर मी तरी कुठं पाहिलं नव्हतं. ज्या गावात दोन वेळा ज्वारीच खातात तिथं हे कुणाला सुचू नये याचंच मला नवल वाटलं, आणि ते तिच्या आधी मला सुचलं याचा आनंद तर विचारू नका. रंग चारच घेतले, लाल, साईसारखा पांढरा, गडद हिरवा आणि काळा. दाणा न दाणा सुटा दिसावा म्हणून प्रत्येकाला सावलीचा एकेक ठिपका दिला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बसले, पण झालं तेव्हा मला स्वतःलाच ते आवडलं. अप्पांना पाठवलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन कान देऊन बसले.

उत्तर आलं, ‘कणसाला काणी पडलीया.’

काणी म्हणजे ज्वारीचा रोग. कणीस बाहेरून भरल्यासारखं दिसतं आणि दाण्याच्या जागी काळी भुकटी निघते. अप्पांचं आजोळ दुधनीकडचं, लहानपणी शेतात राबलेले, त्यांनी तो शब्द चुकून वापरला असणं शक्यच नव्हतं. माझा तिळपापड झाला. मी तरातरा जिना उतरले, त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बघितलं.

काणीच पडली होती. वर माझ्या स्क्रीनवर चार रंग होते. फोनवर त्यांचे किती झाले होते कुणास ठाऊक. लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये गुलाबट, तपकिरी, राखाडी असे चुकार ठिपके उठले होते. मी ते दिले नव्हते, आणि असा मळका रंग सोलापुरातल्या कुठल्या रंगाऱ्यानं मुद्दाम केला नसता. दाण्यांच्या सावल्या एकमेकींत कालवल्या होत्या. काठाची एका धाग्याची रेघ मधेमधे विरली होती. हे असलं मला कुणी पाठवलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं, जे अप्पा म्हणाले होते.

मग मी त्यांच्यासमोरच तिचं चॅट उघडलं. त्यांनी अडवलं असतं तरी मी थांबले नसते. तिची गेल्या कित्येक दिवसांची चित्रं वरपासून खालपर्यंत बघितली. रेघ न रेघ ताठ, कडा धारेच्या, लाल तिथं लाल आणि पांढरं तिथं पांढरं. तिचं चित्र माझ्या चित्रासारखं चॅटमध्ये आपोआप उघडत नव्हतं. तिथं नुसती एक पट्टी दिसायची, पट्टीत फाइलचं नाव, नावाच्या शेवटी पीएनजी, आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. बाण दाबला की चित्र फोनमध्ये उतरायचं आणि मग उघडायचं. मी मात्र वर्षभर सगळी डिझाइनं जेपीजी करून, फोटो म्हणून पाठवत आले होते.

कुणी म्हणेल, डिझाइनं काढून पोट भरणाऱ्या बाईला एवढं कळू नये? पण कारखान्याला द्यायची फाइल मी बीएमपी करून पेन ड्राइव्हवर नेऊन देते, सगळेच देतात. मागाच्या कॉम्प्युटरला तीच चालते, आणि तिच्यात ठिपक्याला ठिपका कायम राहतो. तिथं कधी घोटाळा झाला नाही. फोनवर पाठवायचं चित्र म्हणजे नुसतं बघायचं, लग्नाचे फोटो पाठवतो तसंच, असं मी धरून चालले होते. आणि खरं सांगायचं तर अप्पा लेकीला डावलतात हे कारण मला इतकं पटलेलं होतं की दुसरं शोधायची गरजच पडली नव्हती.

आता तिला एक फोन केला असता तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. पण तिला विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं, की तुझं माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. त्यापेक्षा मी नवऱ्याचा फोन ताब्यात घेतला आणि माझं मी शोधायला लागले.

पहिला उद्योग असा केला की पाठवलेलं, काणी पडलेलं कणीसच फोनवरून परत घेतलं, कॉम्प्युटरवर पीएनजी म्हणून साठवलं आणि पुन्हा पाठवलं. काणी तशीच. हे नंतर डोक्यात शिरलं, की जेपीजीनं एकदा रंग कालवले की ते गेले. नुसतं नाव बदलून ते सुटे होत नाहीत. उलट पीएनजी आपली इमानी, तिनं ती घाण जशीच्या तशी जपून ठेवली. मग मूळ कामावरून नवी पीएनजी केली. ती कॉम्प्युटरवर झकास दिसली. आनंदानं गॅलरीत टाकली आणि तिथून पाठवली, तर पुन्हा तेच. फोटो म्हणून पाठवलं की फोन मधल्यामध्ये त्याचं पुन्हा जेपीजी करतो, लहान करतो आणि मग पुढे ढकलतो. म्हणजे नुसती पीएनजी करून भागत नाही, ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी लागते. मग ती पट्टी येते, तो बाण येतो, आणि चित्राला वाटेत कुणी हात लावत नाही.

नवरा वैतागून म्हणाला, जेपीजी एवढं वाईट आहे तर सगळं जग वापरतं कसं? म्हणून त्याचाच फोटो दोन्ही तऱ्हांनी करून बघितला. जेपीजीत तो तसाच दिसत होता, किंबहुना गालावरचे डाग जरा सौम्य झाले होते, आणि फाइल कितीतरी लहान. माणसाच्या गालावर एका रंगातून दुसरा रंग हळूहळू होतो. तिथं शेजारच्या दोन ठिपक्यांची सरासरी काढली तरी डोळ्याला कळत नाही, आणि जेपीजी असंच काहीतरी करत असते. चादरीत सरासरी चालत नाही. लाल धागा संपतो तिथं पांढरा सुरू होतो, दोघांच्या मध्ये कुणी नसतं. एवढं कळायला मला आठवडा लागला आणि नवऱ्याचा फोन डिझाइनांनी भरून गेला.

कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, ही वर्षभर गंमत बघत होती. मग वाटलं, तिला कुठं माहीत की मी कसं पाठवते. मग वाटलं, माहीत असतंच. असं माझं चालू राहिलं.

कणीस मी पुन्हा पाठवलं नाही. ज्याला अप्पांनी एकदा काणी म्हटलं ते त्यांच्यापुढं परत न्यायचं नव्हतं. नवीन काहीतरी हवं होतं, आणि असं हवं होतं की ज्यात जेपीजीला लपायला जागा नाही. मी करडईचं फूल घेतलं. करडईच्या बोंडाला चहूबाजूंनी काटे असतात, वर पिवळी-केशरी झुलपं. ते काटे मी एकेका ठिपक्याच्या रुंदीचे काढले. जेपीजीत ते सगळेच्या सगळे विरले असते. फुलाच्या ओळी आडव्या-उभ्या पुन्हा पुन्हा येतात आणि सबंध चादर भरते, असं ते डिझाइन. फोनवर मोठं करताना फुटू नये म्हणून कॉम्प्युटरवरच प्रत्येक ठिपका सरळ मोठा करून घेतला, कडा मऊ करायचं बटण बंद ठेवून. नवऱ्याच्या फोनवर दोनदा तपासलं. मग एके दिवशी सकाळी, अप्पांच्या चहाच्या वेळेला, वरून पाठवलं. डॉक्युमेंट म्हणून, पीएनजी, बाणासकट.

खाली टिंग वाजलं. मी खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसले. आज तरी पुसट म्हणता येणार नाही, एवढंच मनात होतं.

बऱ्याच वेळानं माझ्या फोनवर अप्पांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. मी बटण दाबलं. अप्पा तेलुगूत बोलत होते. मला वाटलं, चुकून माझ्याकडं आला. पण तो करडईच्या खालीच आला होता, तिला जोडूनच. सुरुवातीला ‘अम्मा’, मग काहीतरी लांबलचक, मध्ये हसणं, असं मोकळं हसणं, मग पुन्हा काहीतरी, आणि शेवटी ‘चाला बागुंदी’. जरा थांबून परत एकदा, ‘चाला बागुंदी, अम्मा.’

मी तो तीनदा ऐकला. पहिल्यांदा वाटलं, थट्टा करताहेत. दुसऱ्यांदा वाटलं, खूश होऊन माझ्याशीही तेलुगू बोलायला लागले. तिसऱ्यांदा ऐकत होते तोवर खालून हाक आली, “ए, खाली ये जरा.”

अप्पांनी फोन माझ्यापुढं धरला. करडई होती. एवढी स्वच्छ की काट्यांची टोकं टोचतील. अप्पा म्हणाले, “बघ हिचं काम. काटा न काटा सुटा हाय. शीक जरा.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अप्पा कधीच नाव वाचत नाहीत. टिंग वाजलं की सगळ्यात वरचं उघडतात. चित्र आपोआप दिसलं की ते माझं, बाण दाबून उतरवावं लागलं की ते तिचं, अशी त्यांची ओळखायची रीत होती, आणि वर्षभरात ती एकदाही चुकली नव्हती. मी बाण लावून पाठवलं म्हणजे ते तिचं झालं.

मी तशीच उभी राहिले. माझं डिझाइन माझ्या बापाच्या हातात होतं, ते त्यावरून बोट फिरवत होते, त्यांच्या डोळ्यांत तेच दिसत होतं जे मी इतकी वर्षं शोधत होते, आणि माझा नुसता जळफळाट होत होता. माझ्याच कामाचा मला हेवा वाटला. त्या करडईला जे मिळत होतं ते मला मिळत नव्हतं. गप्प राहिले असते तर ते कौतुक तसंच राहिलं असतं, धक्का न लागता, फक्त तिच्या खात्यावर. एकदा वाटलं, राहू दे. पण ते तिच्या खात्यावर राहिलेलं मला बघवलं नसतं.

“अप्पा,” मी म्हणाले, “ते माझं हाय.”

त्यांनी फोन जवळ घेतला, वरचं नाव वाचलं. मला वाटलं, ओशाळतील. मला वाटलं, निदान हसतील. त्यांनी फोन बाजूला ठेवला, उशाखालचा जुना जाड भिंगांचा चष्मा काढला, जो ते ग्राफ भरताना लावायचे, तो लावला आणि फोन पुन्हा उचलला. आता हातभर लांब नाही, नाकाशी. करंगळीचं नख स्क्रीनवर टेकवून ते एकेक ठिपका सरकायला लागले. ओठ हलत होते. चहा गार झाला. मी उभीच होते. एका ओळीवरून दुसरीवर, फुलावरून फुलावर, असं करत ते जिथं एक फूल संपून पुढचं सुरू होतं तिथं आले आणि थांबले.

“हितं,” ते म्हणाले, “जोडावर एक ठिपका जास्त हाय. चादरभर रेघ पडंल.”

मला इतका राग आला की आवाज चढला. मी म्हणाले, आत्ता तर फार छान होतं, आत्ता तर मला शीक म्हणत होता. अप्पा शांतपणे म्हणाले की तेव्हा मोजलं नव्हतं. मी विचारलं, तिचं कधीच मोजत नाही का. म्हणाले, न्हाय.

“का न्हाय?”

अप्पांनी चष्मा काढला. “तिची चूक तिची ऱ्हाती. तू चुकलीस की बाजारात म्हंत्यात, मास्तराची पोरगी चुकली.”

एवढं बोलून त्यांनी गार चहा एका घोटात संपवला आणि कप माझ्या हातात दिला. मी तो मोरीत ठेवला आणि वर गेले. डिझाइन उघडून जोडापाशी नेलं. ठिपका होता. एकच, पण तो प्रत्येक फुलाशी पुन्हा आला असता आणि चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी रेघ गेली असती. मी आठवडाभर तिथून शंभरदा गेले होते आणि मला तो दिसला नव्हता. पुसला, पुन्हा पीएनजी केली, पुन्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवली.

खाली टिंग वाजलं. या वेळी उत्तर मराठीत आलं, टाइप केलेलं. ‘आता बरुबर हाय.’

बरोबर. छान नाही. अप्पांच्या लेखी यापेक्षा मोठा शब्द नसेल, हे मला समजतं. समजलं म्हणून पोटातली जळजळ थांबली, असं मात्र मी म्हणणार नाही. उद्या सकाळी तिचं चित्र येईल, ते न मोजता हसतील, अम्मा म्हणतील, आणि मी वर बसून माझ्या जोडाचे ठिपके मोजत असेन. तेलुगूतला तो निरोप मी पुसलेला नाही. कधीकधी दार लावून ऐकते. न मोजता केलेलं कौतुक मला आयुष्यात तेवढं एकदाच मिळालं, आणि ज्या लेकीसाठी अप्पा ते बोलले, ती मी नव्हते.